खाटेपुरता पांढरा

२६ मार्च, बुधवार

आज चिठ्ठ्या टाकल्या. गोडादऱ्यातल्या दोन गल्ल्या, दोन्हीकडे पत्र्याच्या खोल्या, दोन्हीकडे लूमवर जाणारी माणसं. एका गल्लीच्या पत्र्यांना उन्हाळाभर पांढरा रंग, दुसरीला काहीच नाही. पावसाआधी दोन्हींची तुलना. रंगाने घर किती थंड होतं, माणूस किती झोपतो, किती खाडे पडतात, हे कळलं तर पुढच्या वर्षी शहरभर रंग लावायची योजना मांडता येईल. अभ्यासाचे प्रमुख योगेंद्र सर पुण्याहून व्हिडिओवर होते. चिठ्ठी माझ्याबरोबर काम करणाऱ्या दीपकने उचलली.

रंग दीपकच्या गल्लीला मिळाला. माझी गल्ली तुलनेची.

माझ्या गल्लीत फुई राहते. सरलाबाई, माझ्या वडिलांची बहीण. दहावीपर्यंत मी तिच्याच घरी होते. सरांना हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते म्हणाले, उलट चांगलं, विश्वास तयारच आहे. आज पुन्हा विचारलं, गल्ली बदलून घेऊ का? म्हणाले, चिठ्ठीला नातं कळत नाही, म्हणून तर चिठ्ठी.

बरोबर आहे. तरी परत येताना बसमध्ये बरं वाटलं नाही.

१ एप्रिल, मंगळवार

डब्या बसवल्या. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी पांढरी डबी, कोपऱ्यात हिरवा दिवा लुकलुकतो. दर पंधरा मिनिटांनी घरातलं तापमान टिपते. आकडा बाहेर दिसत नाही, माझ्या फोनवरच उतरतो. आकडा दिसला की माणसं वागणं बदलतात, म्हणून. जागा ठरलेली: झोपायच्या खाटेवर, डोक्याच्या उंचीला, खिळ्यावर.

बायका आधी तयार नव्हत्या. वीज खाते का, आतून फोटो काढते का, उद्या खोलीमालक भाडं वाढवेल का. फुई मध्ये उभी राहिली. "मन्ही भाची शे. तिनी नोकरी शे यामा." एवढंच. मग सगळ्यांनी खिळे ठोकू दिले. फुईने तर डबीला हळदकुंकू लावलं. मी जाळीवरचं कुंकू पुसलं, बाकीचं राहू दिलं.

"बिघडनी ते पैसा कोन भरी?" तिने विचारलं.

मी म्हटलं, सांभाळ म्हणजे झालं. महाग आहे.

फुवा रात्रपाळी करून आले होते. बन्सीलाल फुवा, फुईचे यजमान, पांडेसऱ्याच्या एका खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूम चालवतात. रात्री आठ ते सकाळी आठ. दिवसा झोपतात. खाटेवर बसून डबीकडे बघत म्हणाले, "आमना शेठनं नवीन मशीन लयं. तेना बोर्डले येगळा पंखा शे. बोर्ड तपना ते मशीन बंद. मी तपनू ते पगार बंद."

सगळे हसले. मीही.

८ एप्रिल, मंगळवार

पहिली उतरवणी, म्हणजे घरोघर जाऊन डब्यांतले आकडे फोनवर घेणं. नियमाप्रमाणे आदल्या दिवशी सगळ्यांना फोन केले. न सांगता कुणाच्या घरात शिरायचं नाही, हे संमतीपत्रातच आहे.

सगळ्या डब्या खिळ्यावर, सगळे दिवे चालू. दीपकच्या गल्लीत एक डबी पोराने खेळायला नेली, एक पडून फुटली. माझ्याकडे एकही तक्रार नाही. सरांना कळवलं. त्यांनी लिहिलं, यालाच सामाजिक भांडवल म्हणतात.

फुईच्या खिळ्याखाली भिंतीवर ओलसर डाग होता. मागे शेजारची मोरी आहे. खोलीमालकाला सांगायला हवं.

१५ एप्रिल, मंगळवार

दीपकच्या गल्लीत रंग पूर्ण झाला. माझ्या गल्लीतून ते पत्रे दिसतात. दुपारी त्यांच्याकडे बघवत नाही.

फुईने चहा दिला. कप ठेवला आणि म्हणाली, "बाजूनी गल्लीले धवळा रंग लागना. आम्हले कव्हय?"

समजावलं. एका गल्लीला औषध, दुसरीला नाही, मग कळतं औषध खरं की खोटं. तुम्हालाही जूनच्या शेवटी लावणार आहेत.

"जूनना शेवटले पानी पडी," फुई म्हणाली. "मंग रंग काय पाऊसले लावशी?"

शेजारच्या शांताबाई दारातून हसल्या. त्या परभणीकडच्या. "आवं, भाचीला का छळता? तिच्या हातात असतं तर तिनं आधी तुमचंच घर रंगवलं असतं."

माझ्या हातात आहे का, हे मी स्वतःला विचारलं नाही. दीपकच्या खोलीत रंगाच्या बादल्या पडून आहेत.

२२ एप्रिल, मंगळवार

आकड्यांत एक गंमत दिसते आहे. माझ्या गल्लीत तापमान दिवसभर जवळजवळ सपाट असतं, आणि दर मंगळवारी मी जायच्या वेळेला एकदम वर चढतं. चार अंश, कुठे सहा. मी निघाले की तासाभरात परत खाली.

विचार केला. आम्ही जातो तेव्हा दार सताड उघडं असतं, घरात चार बायका जमतात, चहासाठी शेगडी पेटते. बाहेरची हवा आणि माणसांची ऊब. सरांना तसं टिपण पाठवलं आणि भेटीची वेळ हिशेबातून वगळावी असं सुचवलं. त्यांनी लगेच उत्तर दिलं: उत्तम निरीक्षण. शोधनिबंधाच्या तळटीपेत तुझं नाव येईल.

टिपण दोनदा वाचलं. भाषा चांगली जमली आहे.

२९ एप्रिल, मंगळवार

फुवा झोपलेले नव्हते. खाटेवर उघडे बसले होते, पाय खाली सोडून. पोटऱ्यांना गोळे येतात म्हणाले. झोप लागत नाही. डोळे लाल.

"आंग जळस, उज्जू. पत्रा असा वाटस का छातीवर ठेयेल शे."

मी फोनमध्ये त्यांच्या घराचे आकडे बघितले. काल दुपारी दोन वाजता एकतीस. परवा साडेतीस. रंगाच्या गल्लीत याच वेळी छत्तीस आहे. त्यांना म्हटलं, तुमचं घर तर गल्लीत सगळ्यात थंड आहे, फुवा. वय झालं. पाळी बदलून मागा, आणि पाण्यात मीठसाखर घाला.

आकडे घरच्यांना सांगायचे नसतात. पण ते आजारी होते, आणि मला वाटलं त्यांना धीर येईल.

फुवा पोटरी चोळत राहिले. फुईचा चेहरा मात्र उजळला. "एकतीस म्हंजे थंडं ना? मंग बरं शे. डबी चांगली ऱ्हायनी."

तिला कशाचं बरं वाटलं ते कळलं नाही. घराचं असेल.

६ मे, मंगळवार

वीस तारखेला दिल्लीत सादरीकरण आहे. पैसे देणारी संस्था, दोन सरकारी अधिकारी, आणखी दोन शहरांचे लोक. सरांनी आलेख पाठवला. दोन रेघा. रंगाची गल्ली वर, तुलनेची खाली. म्हणजे रंगाचा उपयोग नाहीच. असला तर उलटा.

फोनवर सर उत्तेजित होते. "सगळे छताला रंग लावत सुटलेत, उज्ज्वला. आपण पहिले असू हे सांगणारे. निकाल आला नाही हाही निकाल असतो."

मी विचारलं, मग पुढच्या वर्षीची योजना?

"पुराव्याशिवाय पैसे कसे मागणार?"

दीपक आलेख बघून म्हणाला, "माझ्या गल्लीत दुपारी बसवतं. तुझ्या गल्लीत मी पाच मिनिटं थांबलो तर शर्ट भिजतो. रेघा उलट्या छापल्यात का बघ."

मी त्याला म्हटलं, म्हणून तर आपण मोजतो. अंगाला वाटतं त्याचा भरवसा नसतो.

९ मे

बेचाळीस, बाहेर. हवा दमट. फुईचा फोन आला, फुवांना उलटी झाली. दवाखान्यात ने म्हटलं. ती म्हणाली, खाडा पडला तर शेठ लूम दुसऱ्याला देतो.

मी मंगळवारी उतरवलेले आकडे पुन्हा बघितले. एकतीस.

आकडे बघून शांत वाटायला हवं. वाटत नाही. कारण सापडत नाही.

१३ मे, मंगळवार

उतरवणी. फुवा भिंतीकडे तोंड करून पडले होते. हाक मारली तर नुसता हात हलवला. फुई पुन्हा रंगाचं बोलली नाही. मीच विषय काढला. म्हटलं, आलेखावरून दिसतंय, रंगाने तसाही फार फरक पडत नाही.

"तू शिकेल शे," ती म्हणाली. "तू सांगशी ते खरं."

भिंतीवरचा डाग आज शांताबाईंच्या घरातही दिसला. त्यांच्या भिंतीमागे मोरी नाही.

१५ मे, गुरुवार

आजच लिहायला हवं.

दुपारी पांडेसऱ्यात एका खात्याच्या शेठची मुलाखत होती. त्याने ऐनवेळी रद्द केली. परतीच्या वाटेवर गोडादरा लागतो. फुवांसाठी ताक घेतलं आणि फोन न करता गेले. पहिल्यांदाच.

दार लोटलेलं होतं. फुई घरात नव्हती, पाण्याचा टँकर आला होता. फुवा खाटेवर. डोळे अर्धे उघडे. अंग कोरडं आणि तव्यासारखं. हाक मारली तर त्यांनी मला कुणी तरी शिवाजी समजून ओ दिली आणि बॉबिन बदल म्हणाले.

खिळा रिकामा होता.

पाणी घ्यायला माठाकडे धावले. माठाच्या झाकणावर, गार मातीवर, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. फडकं ओलं. त्याच्या विणीतून हिरवा दिवा लुकलुकत होता.

फडकं ओढून काढलं. डबी खाली पडली, तशीच राहू दिली. फडकं माठात बुडवून फुवांच्या मानेवर ठेवलं, मग सगळा माठच त्यांच्या अंगावर ओतला. ओरडले. शांताबाई आल्या. एकशेआठला फोन केला.

गाडी येईपर्यंत फुई कळशी घेऊन दारात उभी राहिली. तिने आधी फुवांकडे पाहिलं. मग जमिनीवरच्या डबीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

१६ मे

फुवा सरकारी दवाखान्यात. उष्माघात. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडावर ताण आलाय, दोन दिवस काही सांगता येणार नाही.

फुई कॉरिडॉरमध्ये फरशीवर बसून आहे. मी शेजारी बसले. शेवटी विचारलं, डबी माठावर का ठेवायचीस?

"तपनी ते बिघडी जाई ना." तिला प्रश्नच विचित्र वाटला. खात्यात बोर्ड तापून जळाला की कारागिराच्या पगारातून कापतात, फुवांचेही कापले होते. घर एवढं तापतं, त्यात ती नाजूक वस्तू. बिघडली असती तर माझ्या पगारातून गेले असते. "तू यायनी का खिळावर लाई देऊ. तुले ती जागा पाहिजे ना."

मग म्हणाली, "फडकं सुकाले नही दिनं. रातले बी उठू."

मी आत जाऊन सलाइनची बाटली बघून आले. बघण्यासारखं काही नव्हतं.

१७ मे, शनिवार

गल्लीत गेले. न सांगता. नियम मोडला.

शांताबाईंची डबी तांदळाच्या डब्यात, ओल्या फडक्यात. पुढच्या घरी देवाच्या ताटलीत, पाण्यात उभ्या केलेल्या वाटीवर. एका घरी एकुलत्या पंख्यासमोर दोरीने टांगलेली, आणि त्या पंख्याचं तोंड खाटेकडून वळवलेलं. गल्लीत एकही डबी खिळ्यावर नव्हती.

"सरलाबाई म्हनल्या, गरम झालं की बिघडतंय, मग पोरीच्या पगारातून कापत्यात," शांताबाई म्हणाल्या. "आमच्या पोरांपेक्षा जास्त जीव लावलाय बघा त्याला."

मला हसावं लागलं. त्या हसत होत्या म्हणून.

फुईच्या घरची डबी खिळ्यावर अडकवली आणि खाटेवर बसून राहिले. तासाभराने उतरवणी केली. चव्वेचाळीस. याच खाटेवर मी दहावीचा अभ्यास केला होता. तेव्हा इतकं तापायचं का, आठवत नाही.

भेटीच्या वेळी आकडे का चढायचे, हेही आता उघड आहे. तेवढीच वेळ खरी होती. तीच मी हिशेबातून काढायला लावली.

१८ मे, रविवार

सरांना सगळं लिहिलं. एका पानात बसलं. लगेच फोन आला.

"हे एकाच घरातलं आहे ना?"

सगळी गल्ली.

मग म्हणाले, "परवा दिल्ली आहे. काय सांगू?"

सांगा की मोजता आलं नाही.

"त्यात वर्ष जातं. पैसे देणारे पुन्हा येतील असंही नाही."

मी म्हटलं, आणि चुकीची रेघ दाखवली तर कुठल्याच शहरात रंग लागणार नाही.

"ते मला कळतं, उज्ज्वला," ते म्हणाले. थोड्या वेळाने हळूच विचारलं, "काका कसे आहेत?"

ते माझे काका नाहीत. सांगत बसले नाही. म्हटलं, शुद्धीवर आलेत.

२१ मे

सरांनी आलेख दाखवला नाही. पत्र आलं. माझी गल्ली अभ्यासातून वगळली. तुलनेला काही उरलं नाही, म्हणून हे वर्ष बाद. डब्या जमा करायच्या. रंग अभ्यासातल्या घरांनाच देता येतो, तेव्हा जूनचा रंग रद्द. माझा करार जूनअखेर संपतो, पुढचं कळवू. शेवटी एक ओळ: सहभागींना मापनातील त्रुटीची कल्पना द्यावी.

सहभागी म्हणजे फुई.

२५ मे, रविवार

फुवा घरी आले. दहा पावलांत धाप लागते. फुई कपाळावर पिवळं फडकं ठेवते, सुकलं की भिजवते. फुवा म्हणाले, "आते मी भी बोर्ड व्हई गऊ. मनाभी लाड व्हई ऱ्हायनात."

शेठने लूम बिहारच्या एका पोराला दिलं. पंधरवड्याने या म्हणाला, बघू. रिकामी रात्रपाळीच आहे.

त्रुटीची कल्पना द्यायला गेले होते. तिने ताक दिलं. ते पिऊन परत आले.

१ जून, रविवार

दीपक बादली घेऊन आला. तळाशी उरलेला पांढरा रंग. "तुझी गल्ली आता कशाचीच नाही ना? मग कोण विचारतंय."

पत्रा एवढा तापला होता की पोती ओली करून त्यावर गुडघे टेकावे लागले. रंग सगळ्या छताला पुरणार नव्हता. मी खालून काठीने पत्र्यावर ठोकून दाखवलं, खाट इथपासून इथपर्यंत. दीपकने तेवढाच रंगवला. वर चढून पाहिलं. गंजलेल्या पत्र्यावर खाटेएवढा पांढरा चौकोन.

आधी रंगवला असता तर अभ्यास बिघडला असता. तो तसाही बिघडला.

शांताबाई खालून म्हणाल्या, "आमच्या खाटेपुरता नाही का उरला?"

नव्हता उरला.

९ जून, सोमवार

डब्या परत घ्यायचा दिवस. बाकीची घरं आधी उरकली. फुईकडे शेवटी गेले.

फुवा खाटेवर बसले होते, चौकोनाखाली. आज रात्रीपासून खात्यात जाणार. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "तू पगार देशी का?" आणि हसले, मला वाईट वाटू नये म्हणून.

फुई माझ्यासमोर बसली. "त्या दिनले तू डबी फेकी दिनी व्हती. मन्हं काही चुकनं का, उज्जू?"

सरांची ओळ आठवली. फुईचे हात दिसत होते, पाण्याने सुरकुतलेले.

"नाही," मी म्हटलं. "काही चुकलं नाही. काम संपलं."

"मंग नोकरी पक्की?"

हो म्हटलं.

तिने फुवांच्या कपाळावरचं पिवळं फडकं उचललं आणि मधोमध फाडलं. एक तुकडा भिजवून परत त्यांच्या कपाळावर ठेवला. दुसरा भिजवला, पिळला, त्यात डबी गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"उनमा लई जाशी ते तपी जाई."

मी घेतली. पिशवीत टाकली नाही, हातातच धरली. ती दारात उभी होती.

नाक्यावर रिक्षा मिळेपर्यंत फडकं वाळलं होतं.